ऑफिसच्या सायकलला पुढे एकच चेनरिंग: ३८, ४० की ४२ दात्यांची? गिअरचा हिशोब चढापासून का सुरू करायचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी २० हजार रुपये किंमत असलेल्या सायकलीमागे हा फरक १,४०० रुपयांचा होतो. तयार सायकल घेणाऱ्याला हे पैसे फार वाटणार नाहीत. पण घरात पडलेली जुनी रोड फ्रेम काढून, तिच्यावर एकेक भाग चढवून ऑफिसला जाण्यासाठी सायकल बांधणाऱ्यांसाठी सुट्या भागांवरची सवलत कामाची आहे.

अशी सायकल बांधायला घेतली की सल्ला बहुतेकदा एकच मिळतो: पुढची दोन चक्रं काढून टाक, एकच ठेव. आणि लगेच प्रश्न येतो, किती दात्यांचं? ४२ घेतलं तर वेग कमी पडेल का? ४६ घ्यावं का?

प्रश्न बरोबर आहे, पण तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. रोज ऑफिसला नेणारी सायकल कपाटाआड जाऊन पडते ती ताशी ४५ किलोमीटरचा वेग गाठता येत नाही म्हणून नाही. पाठीवर लॅपटॉप, डोक्यावर एप्रिलचं ऊन आणि समोर चढ असताना सगळ्यात हलका गिअरही जड पडतो, आठवडाभर गुडघे दुखतात, आणि नवव्या दिवशी माणूस पुन्हा स्कूटरची किल्ली उचलतो.

एकच चेनरिंग म्हणजे काय, आणि ती आली कुठून?

पेडलजवळचं दात्यांचं चक्र म्हणजे चेनरिंग. मागच्या चाकावर लहानमोठ्या चकत्यांची जी चळत असते ती कॅसेट. रोड सायकलला पुढे साधारणपणे दोन चेनरिंग असतात, ५० आणि ३४ दात्यांच्या. चेन एकीवरून दुसरीवर ढकलायला पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि हँडलवरचा डावा खटका लागतो. एक चेनरिंग ठेवली की हे तिन्ही निघून जातात.

तशी गावोगावच्या काळ्या सायकलीलाही पुढे एकच चक्र असायचं. फरक इतकाच की मागेही एकच असायचं.

आजच्या पद्धतीची सुरुवात डोंगरी सायकलींपासून झाली. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीनं एक्सएक्स-वन नावाचा संच आणला. पुढे एक चेनरिंग, मागे १० ते ४२ दात्यांच्या ११ चकत्या. चिखलात अडकणारा, दगडावर आपटणारा पुढचा डिरेलर गेला आणि डोंगरी सायकलवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रोड सायकलच्या शर्यतींत मात्र ही गोष्ट सहज रुजली नाही. २०१८ च्या हंगामात अ‍ॅक्वा ब्लू स्पोर्ट हा आयर्लंडचा व्यावसायिक संघ एक चेनरिंगच्या सायकलींवर उतरला. त्या प्रयोगावर संघाच्या आतूनच जाहीर नाराजी व्यक्त झाली, आणि त्याच वर्षी तो संघ बंदही पडला.

शर्यतीतली अडचण खरी होती. ताशी ४५ च्या वेगानं घोळक्यात जाताना दोन चकत्यांमधली उडी मोठी असली की पायांची लय बिघडते. पण ऑफिसला निघालेल्या माणसाची अडचण ती नाही. त्याला सिग्नलला थांबायचं असतं, खड्डा चुकवायचा असतं, पीएमटीच्या मागून पुन्हा शून्यातून निघायचं असतं. एक खटका, एक केबल, आणि चढ अचानक समोर आल्यावर दोन हातांनी दोन निर्णय घ्यायची गरज नाही, हा त्याचा फायदा. शिमानोनं २०२३ मध्ये आणलेल्या क्यूज या रोजच्या वापराच्या मालिकेतही एक चेनरिंगला ठळक जागा आहे, त्यामागचं गणितही हेच दिसतं.

दुसरी चेनरिंग काढल्यावर नेमकं काय गमावतो?

लोकांना वाटतं, १६ गिअरचे ८ झाले, म्हणजे निम्मे गेले. प्रत्यक्षात तसं होत नाही.

पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते ३२ दात्यांची आठ चकत्यांची कॅसेट, हा रोड सायकलवर सर्रास दिसणारा संच घेऊ. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की गिअरचं गुणोत्तर मिळतं. ३४ भागिले १३ म्हणजे २.६२ आणि ५० भागिले १८ म्हणजे २.७८. पायाला हा फरक जेमतेम कळतो. ३४-१५ आणि ५०-२१, ३४-१८ आणि ५०-२८, ३४-२१ आणि ५०-३२ यांचीही तीच गत. म्हणजे १६ पैकी चार जोड्या जवळपास सारख्याच. त्यात चेन फार तिरकी होते म्हणून टाळायचे दोन-तीन गिअर वजा करा. खऱ्या उपयोगाचे दहा-अकराच उरतात.

आता टोकं पाहू. या संचातला सगळ्यात हलका गिअर ३४-३२, गुणोत्तर १.०६. पुढे ३८ ची एकच चेनरिंग आणि मागे ३६ ची मोठी चकती लावली तरी गुणोत्तर १.०६ च येतं. चढावर काहीच गमावलं नाही.

गमावलं ते वरच्या टोकाला. ३२ मिमीच्या टायरचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१५ मीटर जातं. मिनिटाला ९० फेरे मारले तर ५०-११ वर वेग ताशी ५३ किलोमीटर भरतो, ३८-११ वर ४०. मधले हे १३ किलोमीटर म्हणजे दुसऱ्या चेनरिंगची किंमत. शहरात ताशी ४० च्या वर पेडल मारत जाण्याची वेळ उतारावर येते, आणि उतारावर पेडल न मारताही सायकल जातेच. तिथे हात ब्रेकवर असलेले बरे.

चढ मोजायचा कसा?

कोथरूडहून पौड रस्त्यानं चांदणी चौक चढून बावधन, पाषाणमार्गे बाणेरला जाणाऱ्या माणसाचा विचार करू. रस्ता बराचसा सरळ आहे, पण चांदणी चौकाचा चढ रोज आहे. गिअर ठरवणारा तोच. बाकीच्या रस्त्याला कुठलाही गिअर चालतो.

चढाची तीव्रता काढणं सोपं आहे. फोनवरच्या नकाशात किंवा सायकलिंगच्या अ‍ॅपमध्ये चढाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची मिळते. एक किलोमीटरमध्ये ५० मीटर चढलात तर चढ ५ टक्के, ८० मीटर चढलात तर ८ टक्के. यातली गफलत एवढीच की हा आकडा सरासरी असतो. ५ टक्क्यांच्या चढात मधेच ९ टक्क्यांचा एखादा तुकडा लपलेला असतो आणि दम तिथेच निघतो.

समजा माणूस, सायकल आणि बॅग मिळून वजन ९० किलो. ८ टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून सुमारे ७७ न्यूटनचं बल मागे ओढतं. रोज सायकल चालवणारा, पण शर्यतीचा नसलेला माणूस घामानं निथळून न जाता १५० वॉटच्या आसपास ताकद काही मिनिटं लावू शकतो असं धरू. १५० ला ७७ नं भागलं की सेकंदाला जवळपास दोन मीटर, म्हणजे ताशी ७ किलोमीटर. या माणसाचा या चढावरचा वेग एवढाच. गिअर कुठलाही असो, वेग ७ च राहणार. गिअर ठरवतो ते फक्त एवढंच की त्या वेगाला पाय किती फेरे मारतील.

पुढे ३४ आणि मागे २८, म्हणजे रोड सायकलवर नेहमी दिसणारा हलका गिअर असेल, तर मिनिटाला ४५ फेरे पडतात. प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढताना दोन पायऱ्या एकदम चढल्यासारखा. पुढे ४२, मागे ३६ असेल तरी ४६ च. ३८-३६ वर ५१. ४०-४२ वर ५७. आणि ३८-४२ वर ६०.

मिनिटाला ६० फेरे ही खालची हद्द धरायला हरकत नाही. त्याखाली गेलं की तीच ताकद कमी फेऱ्यांत लावावी लागते, प्रत्येक दाबाला जोर वाढतो आणि तो गुडघ्यावर येतो. रविवारच्या एका राइडला हे चालून जातं. वर्षातून दोनशे-अडीचशे दिवस तोच चढ चढायचा असेल तर नाही.

५ टक्क्यांच्या चढावर चित्र बरंच सौम्य होतं. तिथे त्याच ताकदीत वेग ताशी १० च्या आसपास मिळतो आणि ४२-३६ वरही ६५ च्या वर फेरे पडतात. म्हणूनच एकाच्या सायकलवर मस्त चालणारा संच दुसऱ्याला जीवघेणा वाटू शकतो. माणूस तोच असेल, रस्ता वेगळा असतो. नागपूर-सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर किंवा मुंबईत, जिथे मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल, तिथे १.१५ च्या आसपासचं गुणोत्तर पुरेसं आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत अल्तिन्होवर राहणाऱ्यानं पुणे-मुंबईच्या मित्राची सायकल पाहून गिअर ठरवू नये. तिथले चढ लहान असतात पण खडे असतात, आणि एकाच्या खालचं गुणोत्तर चैन ठरत नाही.

वॉट आणि न्यूटन नको असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. सध्याच्या कुठल्याही गिअरच्या सायकलवर, रोजची बॅग घेऊन, त्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये जा. खुर्चीवरून न उठता, जमेल त्या आरामाच्या जोरानं. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा आणि दुप्पट करा. ४५ आले, आणि गिअर ३४-२८ म्हणजे १.२१ होता. हवेत ६०. तर १.२१ गुणिले ४५ भागिले ६०, म्हणजे ०.९१. नव्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर हा असायला हवा. पुढे ३८ मागे ४२, किंवा पुढे ४२ मागे ४६, दोन्हींत तो मिळतो.

मोजणी दिवसाच्या शेवटी केली तर जास्त खरी. सकाळी सगळेच जोरात असतात.

मग ३८ आणि ४२ मध्ये फरक काय राहिला?

इथे दुसरा हिशोब येतो, आणि तो फारसा कुणी करत नाही. सपाट रस्त्यावर तुम्ही ज्या वेगानं बहुतेक वेळ जाता, त्या वेगाला मागची कुठली चकती लागते?

दहा चकत्यांच्या ११ ते ४२ च्या कॅसेटची सुरुवात साधारणपणे ११, १३, १५, १८, २१, २४ अशी असते. १५ वरून १८ वर जाताना २० टक्क्यांची उडी आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ नं जाणाऱ्यानं पुढे ४० ची चेनरिंग लावली, तर १५ च्या चकतीवर मिनिटाला ७२ फेरे पडतात आणि १८ वर ८७. एक जरा जड, एक जरा भरभर. बहुतेकांची सोयीची लय ७५ ते ८५ च्या मध्ये असते, आणि नेमकी ती जागा रिकामी राहते. मग माणूस दिवसभर खटका खालीवर करत बसतो आणि गिअर नीट ट्यून झालेले नाहीत म्हणून दुकानात फेऱ्या मारतो. ट्यूनिंगमध्ये काही चुकलेलं नसतं.

त्याच कॅसेटवर पुढे ४२ लावली तर ताशी २५ ला १८ च्या चकतीवर ८३ फेरे. ३८ लावली तर १५ च्या चकतीवर ७६. दोन्ही चालतात. आणि ज्याचा वेग ताशी २२ च्या आसपास असतो, त्याला ४० ची चेनरिंगच उत्तम, कारण १८ वर ७७ फेरे पडतात. म्हणजे दोन दात्यांचा फरक किरकोळ वाटला तरी रोजच्या प्रवासाचा मूड तोच ठरवतो. सरासरी वेग मात्र या हिशोबात धरू नये, त्यात सिग्नलचे थांबे मिसळलेले असतात. धरायचा तो मोकळ्या रस्त्यावरचा वेग.

ज्यांचा चढ ५ टक्क्यांच्या आत आहे त्यांच्यासाठी एक जुनी, साधी कॅसेट अजूनही फार चांगली आहे: नऊ चकत्यांची १२ ते ३६. तिच्या चकत्या १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३२, ३६ अशा चढत जातात. एकही उडी १७ टक्क्यांच्या वर नाही. पुढे ४० लावली तर १६ वर ताशी २५ ला ७७ फेरे, वरचा वेग ९० फेऱ्यांना ३९ च्या जवळ, खालचं गुणोत्तर १.११. दिसायला अगदीच सामान्य संच आहे. ११ नसून १२ पासून सुरुवात आहे म्हणून लोक तिला नाकं मुरडतात, पण ऑफिसच्या वाटेवर ११ ची चकती किती मिनिटं वापरली जाते, हे एक आठवडा बघून मग ठरवावं.

मोठी चेनरिंग आणि मोठ्या चकत्या यांचा एक फायदा झिजेत आहे. ३५-१५ आणि ४२-१८ या दोन्हींचं गुणोत्तर २.३३ च. पण दुसऱ्यात भार जास्त दात्यांवर वाटला जातो आणि चेनवरचा ताणही कमी असतो, त्यामुळे भाग जास्त टिकतात. पावसाळ्यात चेनवर चिखल आणि वाळूचा लेप घेऊन फिरणाऱ्यासाठी ही गोष्ट दुय्यम नाही. एक चेनरिंग असली की सगळे किलोमीटर तिच्याच माथी असतात, हेही लक्षात घ्यायला हवं. चेनची झीज मोजायला घरची पट्टी पुरते: चेनचे १२ पूर्ण कड्यांचे जोड १२ इंच भरायला हवेत. ते १२ आणि एक सोळांश इंच झाले की चेन बदलायची वेळ आली. पुढे ढकलली तर कॅसेटही सोबत जाते.

दुकानात फसगत कुठे होते?

हिशोब कागदावर जमला तरी भाग एकमेकांशी बोलले पाहिजेत. इथे तीन-चार खड्डे ठरलेले आहेत.

पहिला डिरेलरचा. रोड सायकलचे मागचे डिरेलर साधारण ३२ ते ३४ दात्यांच्या चकतीपर्यंतच पोचतात. ३६ किंवा ४२ साठी डोंगरी सायकलचा, लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. शिमानोच्या नऊ चकत्यांपर्यंतच्या जुन्या पिढीत रोडचे खटके आणि डोंगरी डिरेलर बिनबोभाट जुळतात, कारण केबल ओढली की डिरेलर किती सरकतो याचं प्रमाण दोन्हींकडे सारखं होतं. सोराचे नऊ गिअरचे खटके, अलिव्हिओचा नऊ गिअरचा डिरेलर आणि १२-३६ ची कॅसेट, हा स्वस्तातला आणि खात्रीचा मेळ. दहा गिअरपासून हे प्रमाण वेगळं झालं. दहा गिअरचा रोड खटका आणि दहा गिअरचा डोंगरी डिरेलर, दोघांवर शिमानो लिहिलेलं असूनही, जुळत नाहीत. मेकॅनिकनं कितीही वेळ केबल ताणली तरी जुळत नाहीत.

क्यूजचा मामला स्वतंत्र आहे. तिच्या लिंकग्लाइड कॅसेटचे दाते जाड आहेत आणि त्या आपल्याच जुन्या कॅसेटच्या तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे. ९, १० आणि ११ गिअरला चेनही एकच चालते. रोजच्या सायकलसाठी ही चांगली बातमी. पण तिचे भाग जुन्या मालिकांत मिसळता येत नाहीत. घ्यायची तर खटका, डिरेलर, कॅसेट असा पूर्ण संच घ्यावा लागतो.

दुसरा खड्डा क्रँकचा. जुन्या रोड क्रँकवर चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळात बसतात त्याचा व्यास बहुधा १३० मिमी असतो. त्यावर ३८ पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. ११० मिमीच्या क्रँकवर ३४ पर्यंत खाली जाता येतं. दुकानात जाण्यापूर्वी क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेला आकडा वाचून घ्यावा. दोन चेनरिंगचे बोल्ट एकीला लांब पडतात, तेव्हा आखूड बोल्टही सोबत मागावेत.

तिसरा खड्डा स्वस्त हायब्रिड सायकलचं मागचं चाक वापरणाऱ्यांसाठी. त्या चाकांवर अनेकदा कॅसेट नसते, आट्यांवर बसणारं सात गिअरचं फ्रीव्हील असतं. त्यातलं १४ ते ३४ चं एक फ्रीव्हील मोठ्या रेंजचं म्हणून विकलं जातं. चकत्या मोजल्या तर १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग थेट ३४. शेवटची उडी ४२ टक्के. चढाच्या मध्यावर गिअर टाकला की पाय हवेत फिरल्यासारखे होतात, परत घेतला की जीव निघतो.

चेन उतरली तर?

२७ मे २०२३. जिरो दितालिया शर्यतीचा उपांत्य दिवस, मोंते लुसारीचा खडा चढ, घड्याळाविरुद्धची शर्यत. प्रिमोझ रोग्लिचनं खास या चढासाठी एक चेनरिंगची सायकल घेतली होती. मध्येच धक्का बसला आणि चेन उतरली. तो थांबला, चेन बसवली, पुन्हा निघाला आणि दुसऱ्या दिवशी १४ सेकंदांच्या फरकानं जिरो जिंकला. एक चेनरिंगवर शंका घेणारे हा प्रसंग हमखास काढतात.

शंका रास्त आहे. पुढचा डिरेलर चेनला नकळत दोन्ही बाजूंनी आवरून धरतो. तो गेला की ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. त्यासाठी एक चेनरिंगच्या खास चक्रावर एक दाता रुंद, एक अरुंद अशी रचना असते. चेनचे दुवेही तसेच एकाआड एक असतात, त्यामुळे पकड घट्ट बसते. या चक्रांचे दाते सम संख्येत, ३८, ४०, ४२, ४४ असेच का असतात, ४१ का नसतात, त्याचं उत्तर हेच. दुसरा पहारेकरी म्हणजे क्लच असलेला मागचा डिरेलर. तो चेनला खड्ड्यात उडू देत नाही.

जुन्या जोडीतली ५० किंवा ३४ ची चेनरिंग तशीच ठेवून एक चेनरिंग केल्याचं समाधान मानणाऱ्यांची चेन मात्र उतरते. त्या चक्रांचे दाते मुळात चेन सहज सुटावी म्हणूनच घडवलेले असतात. वर सांगितलेल्या नऊ गिअरच्या स्वस्त संचात क्लच सहसा नसतो. तिथे रुंद-अरुंद दात्यांची चेनरिंग आणि फ्रेमवर बसणारा चेन अडवणारा छोटा आकडा, एवढं तरी हवंच. सप्टेंबरमधले आपले रस्ते पाहता यात काटकसर करू नये.

दोन चेनरिंग कुणी ठेवाव्यात?

जो याच सायकलवर शनिवारी गटासोबत शंभर किलोमीटर जातो आणि ताशी ३२-३५ च्या घोळक्यात टिकायचं म्हणतो, त्यानं. त्याला लहान लहान उड्या लागतात आणि त्या दोन चेनरिंगवरच सोप्या पडतात. कामाला जाताना बोपदेव किंवा कात्रजचा घाट रोज ओलांडणाऱ्यानंही विचार करावा, कारण घाटाच्या एका बाजूला ०.९ चं गुणोत्तर हवं असतं आणि दुसऱ्या बाजूला लांब उतार असतो. त्याच्या सायकलवर चालू अवस्थेतला पुढचा डिरेलर असेल तर तो केवळ फॅशन म्हणून काढायचं कारण नाही.

बाकीच्यांसाठी खरेदीचा क्रमही हिशोबासारखाच ठेवलेला बरा. आधी चढावरून सगळ्यात मोठी चकती ठरते, म्हणजे कॅसेट ठरली. कॅसेटवरून डिरेलर, डिरेलरवरून खटका. चेनरिंग शेवटी, कारण या सगळ्यात ती बदलायला सगळ्यात सोपी. ३८ आणि ४० मध्ये अडला असाल तर ३८ बसवून महिनाभर चालवावी. फक्त मेकॅनिक चेन कापायला घेईल तेव्हा त्याला सांगायला हवं: पुढे मागे ४२ बसवावी लागली तरी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन ताणली जाणार नाही, एवढी लांब ठेव.